मार्केटिंगचं एमबीए: जाहिरात आणि माल

जून-जुलैत महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत थोड्याफार फरकानं एकच संवाद ऐकू येतो. मुलीच्या हातात सीईटीचा पर्सेंटाइल, टीपॉयवर चार कॉलेजांची गुळगुळीत माहितीपत्रकं. वडील विचारतात, ‘पॅकेज किती मिळतं?’ आई विचारते, ‘होस्टेल आवारातच आहे ना?’ आणि एखादा अनुभवी आतेभाऊ सांगून मोकळा होतो, ‘फायनान्सला गणित लागतं. तुझं बोलणं चांगलं आहे, तू मार्केटिंग घे.’ दहा-पंधरा लाखांचा व्यवहार अर्ध्या तासात ठरतो. फ्रिज घेतानासुद्धा आपण याहून जास्त दुकानं पालथी घालतो.

गंमत अशी, की विकायचं कसं हे शिकायला निघालेला हा विद्यार्थी स्वतः एक मोठी खरेदी करत असतो, आणि समोरचा विक्रेता कसलेला असतो. ‘सर्वोच्च पॅकेज’चे फलक, हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो, कंपन्यांच्या बोधचिन्हांची भिंत ही सगळी जाहिरात. माल तिच्यामागे असतो. या लेखात तो माल तपासून पाहायचा आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही निवड आपण उलट्या टोकाकडून करतो. आधी कॉलेज, मग स्पेशलायझेशन आणि शेवटी नोकरी, असा क्रम लावतो. तो फिरवायला हवा: आधी काम, मग ते काम देणाऱ्या कंपन्या, मग त्या कंपन्या जिथे येतात ती कॉलेजं आणि शेवटी शुल्क.

पदवी, पदविका आणि नावांचा घोळ

हार्वर्डनं १९०८ साली एमबीए सुरू केलं. आपल्याकडे जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ची; कोलकाता आणि अहमदाबादची आयआयएम १९६१ची. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली उभी राहिली. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, ज्याला सगळे ‘पुम्बा’ म्हणतात, १९७१चा. सिम्बायोसिसची एसआयबीएम १९७८ची, तर एस. पी. जैन आणि नरसी मोनजी १९८१च्या. नागपूरला आयआयएम २०१५ साली आलं आणि १९६३पासून पवईत असलेली ‘नीटी’ २०२३मध्ये आयआयएम मुंबई झाली. गोव्यात साखळीजवळ गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, ती १९९३ची. म्हणजे मराठी मुलामुलींना चांगल्या शिक्षणासाठी फार लांब जायची गरज नाही. अडचण आहे ती गर्दीत चांगली संस्था ओळखण्याची.

पहिला घोळ नावांचा. मुंबई विद्यापीठ एमएमएस देतं, इतर विद्यापीठं एमबीए देतात. नाव वेगळं असलं तरी पदवी त्याच तोलाची. पीजीडीएम ही पदविका. ती विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या संस्था एआयसीटीईच्या मान्यतेनं देतात. ‘पदविका म्हणजे कमी’ हा समज चुकीचा आहे. २०१७चा आयआयएम कायदा होईपर्यंत खुद्द अहमदाबादचं आयआयएम पदविकाच देत होतं आणि एक्सएलआरआयचं नाव झालं तेही पदविकेवरच. मात्र पुढे पीएचडी करायची असेल किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल, तर त्या पदविकेला भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का, हे प्रवेशाआधी बघून घ्यावं.

या फरकाचे व्यवहारात दोन परिणाम होतात. विद्यापीठाचा अभ्यासक्रम अभ्यास मंडळाच्या वाटेनं बदलतो, त्यामुळे तो सावकाश हलतो. स्वायत्त संस्था नवा विषय पुढच्या सत्रात आणू शकते, आणि तितक्याच सहज जुनाच विषय नव्या नावानं विकूही शकते. दुसरा परिणाम पैशाचा. राज्यातल्या खासगी विनाअनुदानित संलग्न महाविद्यालयांचं शुल्क २०१५च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. अभिमत विद्यापीठं त्या चौकटीबाहेर राहतात.

दुसरा घोळ ‘मार्केटिंगचं एमबीए’ या शब्दांतच आहे. बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं: हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मनुष्यबळ, उत्पादन. मधल्या उन्हाळ्यात दोनेक महिन्यांची इंटर्नशिप होते आणि मार्केटिंगचे ऐच्छिक विषय येतात ते दुसऱ्या वर्षी. म्हणजे तुम्ही मुळात एक सर्वसाधारण व्यवस्थापन अभ्यासक्रम निवडत असता. त्यातलं मार्केटिंग किती कसदार, हे तीन गोष्टींवर ठरतं: ऐच्छिक विषय किती आणि कोणते, ते शिकवतं कोण, आणि इंटर्नशिप कुठे मिळते.

किती दारं, कोणत्या किल्ल्या

महाराष्ट्रातलं सर्वांत रुंद दार म्हणजे राज्य सीईटी कक्षाची एमबीए/एमएमएस सीईटी. २०० प्रश्न, १५० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे ही परीक्षा ज्ञानाइतकीच वेगाची आणि ‘हा प्रश्न सोडून दे’ असं स्वतःला सांगता येण्याची आहे. आयआयएमसाठी कॅट. तिचा बाज अगदी वेगळा: तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, प्रश्न थोडे पण खोल. सिम्बायोसिससाठी स्नॅप, नरसी मोनजीसाठी एनमॅट, एक्सएलआरआयसाठी झॅट. आणि सीमॅट घेणाऱ्या संस्था आणखी वेगळ्या. प्रत्येक अर्जाला पैसे लागतात, मुलाखतीला बोलावलं की प्रवासखर्च वेगळा. म्हणून दोन किंवा तीन किल्ल्या निवडाव्यात आणि त्यांचाच सराव करावा. सगळ्याच परीक्षांना बसणारा विद्यार्थी बहुधा एकाही परीक्षेच्या तालात येत नाही.

सीईटीनंतरची ‘कॅप’, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, हीसुद्धा एक परीक्षाच आहे. ऑप्शन फॉर्म भरताना ‘हे आपल्याला मिळेल’ असा अंदाज बांधून मधली कॉलेजं वर टाकणारे दरवर्षी भेटतात. फॉर्म भरायचा तो आपल्या खऱ्या पसंतीच्या क्रमानं. यंत्रणा वरून खाली जाते. वरचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. उलट मनात नसलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि तेच मिळालं, तर पुढच्या फेरीत हलायला जागा उरत नाही. नियमपुस्तिका दरवर्षी थोडी बदलते, म्हणून मागच्या वर्षी पास झालेल्या दादाच्या आठवणीवर विसंबू नये. पुस्तिका स्वतः वाचावी.

वर्गात नक्की काय मिळतं

मार्केटिंगच्या अभ्यासाचा सांगाडा साठ वर्षांत फारसा बदललेला नाही. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेले चार ‘पी’ आणि फिलिप कोटलर यांचं १९६७ साली पहिल्यांदा आलेलं जाडजूड पाठ्यपुस्तक आजही पहिल्या सत्रात भेटतं. यात गैर काही नाही. पाया जुनाच असतो. पाहायचं ते त्यावर काय बांधलंय. विक्री व वितरण, ग्राहकवर्तन, बाजार संशोधन, ब्रँड, सेवाक्षेत्र, कंपन्यांनी कंपन्यांना करायची विक्री, ग्रामीण बाजार, किंमतनिश्चिती, डिजिटल, विश्लेषण: यांपैकी किती विषय खरोखर शिकवले जातात आणि किती नुसते माहितीपत्रकात आहेत? पुरेसे विद्यार्थी जमले नाहीत की ऐच्छिक विषय रद्द होतो. म्हणून ‘कोणते विषय आहेत’ असं न विचारता ‘गेल्या वर्षी कोणते विषय चालले’ असं विचारावं.

पुस्तकाबाहेर विद्यार्थ्यांना किती नेलं जातं, हा दुसरा निकष. एक्सएलआरआयच्या विद्यार्थ्यांची ‘मॅक्सी फेअर’ हे याचं चांगलं उदाहरण. जमशेदपूरची माणसं जत्रेला यावं तशी येतात, खेळ खेळतात, बक्षिसं नेतात. त्या खेळांत कंपन्यांच्या संशोधनाचे प्रश्न लपवलेले असतात. थेट विचारलं तर माणूस शोभेसं उत्तर देतो. खेळता खेळता खरं उत्तर देऊन जातो. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत विद्यार्थ्यांना स्वयंसेवी संस्थांबरोबर काम करावं लागतं. अशा उपक्रमात माणसाच्या सवयी जेवढ्या उमगतात, तेवढ्या शंभर स्लाइड बघून उमगत नाहीत.

आता त्या आतेभावाच्या सल्ल्याकडे येऊ. ‘गणित नको म्हणून मार्केटिंग’ हा सल्ला कधी काळी चालला असेल, आज चालत नाही. एक साधा हिशेब घ्या. एका मसाल्याच्या छोट्या ब्रँडनं मोबाइलवरच्या जाहिरातींवर एक लाख रुपये खर्च केले आणि ४०० नवे ग्राहक आले. म्हणजे एक ग्राहक २५० रुपयांना पडला. पहिल्या खरेदीत प्रत्येकामागे १८० रुपये सुटतात. याचा अर्थ ७० रुपयांचा तोटा. जाहिरात बंद करायची? थांबा. यातले निम्मे ग्राहक आणखी एकदा आले तर सरासरी २७० रुपये सुटतात आणि तोट्याच्या जागी २० रुपये नफा दिसतो. मग खरा प्रश्न निघतो तो असा: निम्मे परत येतील हे कशावरून, आणि किती दिवसांत? हा प्रश्न विचारता येणं आणि आकड्यांतून त्याचं उत्तर काढता येणं म्हणजे आजचं मार्केटिंग. बोलणं चांगलं असलं तर दुधात साखर, पण साखरेवर कुणी दोन वर्षं काढू शकत नाही.

पहिली नोकरी: गोदामापासून सुरुवात

माहितीपत्रकात ब्रँड मॅनेजर असतो. पहिली नोकरी बहुधा विक्रीची असते. साबण, बिस्किटं, रंग, चिकटद्रव्यं, तेल विकणाऱ्या कंपन्या नव्या एमबीएला आधी बाजारात उतरवतात, आणि ते योग्यच आहे.

तो दिवस कसा असतो ते बघू. सकाळी नऊला तालुक्याच्या गावी वितरकाचं गोदाम. आधी साठा मोजायचा, मग कंपनीच्या सेल्समनबरोबर बीटवर, म्हणजे दुकानांच्या ठरलेल्या फेरीवर, निघायचं. दिवसभरात तीस-चाळीस दुकानं. पहिल्या दुकानात मालक मान वर न करता म्हणतो, ‘मागचा क्लेम अजून आला नाही.’ दुसरा मुदत संपलेल्या मालाचा खोका पुढ्यात ठेवतो: ‘आधी हे उचला, मग ऑर्डर बोला.’ तिसरा विचारतो, ‘स्कीम काय?’ आणि समोरच्या कंपनीची स्कीम तोंडपाठ म्हणून दाखवतो. चौथ्या दुकानात उधारीमुळे माल देता येत नाही. दुपारी टपरीवरच्या चहाबरोबर सेल्समन सांगतो, की महिनाअखेर टार्गेटसाठी वितरकाच्या गळ्यात माल मारला जातो, आणि पुढचा महिना तोच माल दुकानांत रिचवण्यात जातो. कंपनीनं वितरकाला विकलेला माल म्हणजे प्रायमरी, वितरकानं दुकानदाराला विकलेला म्हणजे सेकंडरी. या दोन आकड्यांतली दरी ज्याला कळली, त्याला निम्मा धंदा कळला.

या कामात मराठी मुलामुलींची एक जमेची बाजू आहे, जी आपण उगाच कमी लेखतो. जालन्याच्या किंवा गडहिंग्लजच्या दुकानदाराशी त्याच्या बोलीत, ‘काका, माल हलला का?’ असं विचारता येणं ही नोकरीतली खरी पुंजी आहे. गटचर्चेत इंग्रजी अडखळलं म्हणून खचणाऱ्या मुलानं हे ध्यानात ठेवावं. मुलाखतीपुरतं इंग्रजी सहा महिन्यांच्या मेहनतीनं सुधारतं. बाजाराची बोली तशी शिकवून येत नाही.

सगळ्यांनाच गोदाम आवडेल असं नाही. मग आणखी वाटा आहेत: जाहिरात संस्था, बाजार संशोधन कंपन्या, ऑनलाइन व्यापार, यंत्रसामग्री किंवा सॉफ्टवेअरची विक्री, औषध कंपन्या. दहा मिनिटांत सामान घरपोच देणाऱ्या सेवांमुळे वितरणाचं गणितही फिरतंय, आणि त्यातून नव्या प्रकारच्या नोकऱ्या निघतायत. पण एक गोष्ट पडताळून पाहावी. कॉलेजच्या यादीत ‘मार्केटिंग’ या सदराखाली बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर, विमा विकणारा अधिकारी आणि कोर्स खपवायला दिवसभर फोन करणारा ‘बिझनेस डेव्हलपमेंट’वालाही मोजलेला असतो. ही कामं कमी दर्जाची नव्हेत. पण ती हवी होती म्हणून निवडली, की दुसरं काही मिळालं नाही म्हणून पदरात पडली, हा फरक दोन वर्षांनी जाणवतो. म्हणून कंपनीचं नाव पाहून थांबू नये, पदाचं नावही विचारावं.

पॅकेजचा आकडा उघडून बघताना

नऊ विद्यार्थ्यांचा एक वर्ग कल्पू. त्यांचे वार्षिक पगार लाखांत असे: ३६, ८, ७, ६, ६, ५, ५, ४, ४. कॉलेज सांगेल, ‘सर्वोच्च पॅकेज ३६ लाख, सरासरी ९ लाख.’ दोन्ही आकडे खरे. पण नऊपैकी आठ जण त्या सरासरीच्या खाली आहेत. रांगेत मधोमध उभा असलेला पाचवा विद्यार्थी ६ लाख घेतो. याला मध्यक म्हणतात. तुमचं भवितव्य पहिल्या क्रमांकापेक्षा या मधल्याच्या जवळ असण्याची शक्यता जास्त, म्हणून विचारायचा तो मध्यक. तो सांगायला कॉलेज का-कू करत असेल, तर तेच उत्तर समजावं.

सुदैवानं हा आकडा शोधायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफची क्रमवारी २०१६पासून निघते. तिच्यासाठी संस्थांनी दिलेली माहिती त्याच संकेतस्थळावर खुली असते: किती जणांना प्रवेश दिला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले. समजा एका संस्थेत १२० जण आले, ११६ उत्तीर्ण झाले आणि ८४ जणांना नोकरी लागली. हीच संस्था फलकावर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहू शकते. कसं? भरतीसाठी पात्र धरलेले विद्यार्थीच तेवढे मोजायचे. उरलेले ३२ जण कुठे गेले, हा प्रश्न पालकांनी विचारायचा.

खुद्द क्रमवारीही डोळे मिटून घेऊ नये. व्यवस्थापन गटात एनआयआरएफ संशोधनाला ३० टक्के भार देते आणि विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला २० टक्के. प्राध्यापकांचे शोधनिबंध महत्त्वाचे आहेत, पण दोन वर्षांत नोकरीला लागू पाहणाऱ्याचा अग्रक्रम वेगळा असतो. संस्था चाळिसावी की पंचावन्नावी यावर घरात वाद घालण्यापेक्षा दोघींच्या माहितीतला मध्यक आणि ‘उरलेल्यांचा’ आकडा शेजारी शेजारी मांडावा.

पॅकेज या शब्दाच्या पोटात काय काय असतं तेही बघावं. ठरलेला पगार, टार्गेट गाठलं तर मिळणारा भाग, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस, कंपनीनं भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता. विक्रीच्या नोकऱ्यांत टार्गेटवर अवलंबून असलेला हिस्सा मोठा असतो. अहमदाबादच्या आयआयएमनं पुढाकार घेऊन भरतीच्या अहवालासाठी जी मानकं आणली, त्यांत हमखास मिळणारी रोख रक्कम आणि जास्तीत जास्त मिळू शकणारी रक्कम वेगळी दाखवावी लागते. असा लेखापरीक्षण झालेला अहवाल देणारी संस्था चार जास्तीच्या गुणांना पात्र ठरते.

कर्ज आणि हप्ता

शुल्काचा पल्ला प्रचंड आहे. जमनालाल बजाज, सिडनहॅमची सिमस्री किंवा पुम्बा यांसारख्या सरकारी वा विद्यापीठीय संस्थांत खर्च तुलनेनं आटोक्यात राहतो. वरच्या आयआयएममध्ये दोन वर्षांचं शुल्क २० लाखांच्या पुढे जातं. जोखीम खरी असते ती मधल्या पट्ट्यात: शुल्क वरच्यांसारखं, पगार खालच्यांसारखे.

हिशेब मांडून बघू. १५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १९,८०० रुपये हप्ता. सात वर्षांत फेडायचं तर सुमारे २४,९००. शिकत असताना चढलेलं व्याज यात धरलेलं नाही. सहा लाखांच्या पॅकेजमधून हातात महिना चाळीस हजारांच्या आसपास येतात. पुण्या-मुंबईत खोलीभाडं आणि जेवण भागवून हा हप्ता बसत नाही. मग तो वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून जातो. आणखी एक खर्च कुणी धरत नाही: महिना २५ हजारांची नोकरी सोडून शिकायला गेलात, तर दोन वर्षांचा सहा लाखांचा पगारही बुडाला.

काही आधार आहेत, ते प्रवेशाआधीच तपासावेत. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना आहे. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यात येत नाहीत. म्हणजे एखाद्या मुलीसाठी कॅपमधलं साधं वाटणारं कॉलेज आणि अभिमत विद्यापीठ यांतला फरक कित्येक लाखांचा असू शकतो. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज देते. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे बघण्यातून संस्थेच्या दर्जाचीही थोडी कल्पना येते.

माझा एक ढोबळ नियम आहे. शुल्क, होस्टेल आणि जेवण मिळून होणारा एकूण खर्च त्या संस्थेतल्या मधल्या विद्यार्थ्याच्या दीड वर्षाच्या पगाराहून जास्त असेल, तर तिथे थांबावं.

वेगळ्या वाटा

जाहिरात आणि संवाद यांतच रस असेल, तर सर्वसाधारण एमबीएपेक्षा अहमदाबादची ‘मायका’ जवळची. मुद्रा जाहिरात संस्थेच्या पुढाकारातून १९९१ साली ती सुरू झाली आणि कल्पकता जोखणारी मायकॅट ही तिची स्वतःची परीक्षा आहे. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स १९६९पासून आहे.

नोकरी सोडणं शक्य नसलेल्यांसाठी मुंबईनं फार पूर्वीच एक सोय केली: मास्टर ऑफ मार्केटिंग मॅनेजमेंट, म्हणजे एमएमएम. तीन वर्षांचा हा अर्धवेळ अभ्यासक्रम संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी चालतो. लोकलमधून थकून आलेले विक्री अधिकारी आपल्याच कंपनीचे प्रश्न घेऊन वर्गात बसतात, त्यामुळे चर्चा पुस्तकी राहत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचे अभ्यासक्रम याहून स्वस्त. यूजीसीची मान्यता असलेल्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या कायद्यानं नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत. मात्र त्यांच्याकडून कॅम्पस भरतीची अपेक्षा ठेवू नये. जे नोकरीत आहेत आणि ज्यांना बढतीसाठी पदवी हवी आहे, त्यांच्यासाठी त्या चांगल्या; पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्यांसाठी कमकुवत.

परदेशाचा विचार वाढतोय. ब्रिटनमधलं मार्केटिंगचं एमएस्सी एका वर्षाचं असतं, हे आकर्षण. पण शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याची दोन वर्षांची मुदत जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांसाठी १८ महिन्यांवर आणायचं ठरलं आहे. अमेरिकेत विश्लेषणाचा भाग मोठा असलेल्या काही अभ्यासक्रमांना ‘स्टेम’ दर्जा असतो. मग १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडून मिळतात. व्हिसापेक्षा मोठी अडचण विषयातच आहे. संगणकाची भाषा सगळीकडे एकच, पण मार्केटिंग म्हणजे समोरच्या समाजाच्या सवयी ओळखणं. मँचेस्टरमधली गृहिणी कोणता चहा का घेते, हे तिथे वाढलेल्या उमेदवाराला तुमच्याआधी कळतं. म्हणून परदेशी जायचंच, तर आकड्यांशी आणि तंत्रज्ञानाशी जोडलेल्या मार्केटिंगसाठी जावं. तिथे हे अंतर कमी होतं.

मग निवडायचं कसं

क्रम पुन्हा सांगतो, या वेळी कामांसकट. आधी स्वतःला आवडेल असं एक पद कागदावर लिहा. ‘मार्केटिंग’ असं मोघम नको, ‘औषध कंपनीत विक्री’, ‘संशोधन संस्थेत विश्लेषक’ असं नेमकं. मग ते पद देणाऱ्या दहा कंपन्या लिहा. त्या कंपन्यांत आज ते काम करणारे तीन-चार वर्षांच्या अनुभवाचे लोक कुठून शिकले, हे लिंक्डइनवर कुणालाही दिसतं. त्यांत जी कॉलेजं पुन्हा पुन्हा येतात, ती तुमची खरी यादी. माहितीपत्रक इथून पुढे उघडायचं.

यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोला. प्लेसमेंट समितीतल्यांना टाळा. त्यांचं कामच कॉलेज विकण्याचं असतं. चार प्रश्न पुरेत. इंटर्नशिप कॉलेजनं दिली की तुम्ही शोधली? मार्केटिंगचे कोणते विषय खरंच चालले? वर्गातल्या मधल्या मुलाला काय मिळालं? आज पुन्हा पैसे भराल का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराआधी फोनवर जी शांतता पसरते, ती नीट ऐका.

पदवी घेऊन लगेच उडी मारायची घाईही नको. वर्ष-दीड वर्ष कुठल्याही छोट्या कंपनीत विक्री केलेल्या मुलाला वर्गातलं उदाहरण लवकर समजतं आणि मुलाखतीत सांगायला स्वतःचं काही असतं. नोकरी नसेल, तर सरकारच्या ‘स्वयम’वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मार्केटिंगचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला, तर पंधरा लाख वाचले.

आणि फॉर्म भरण्याआधी एक शनिवार राखून ठेवा. तुमच्या गावच्या एखाद्या वितरकाला विनंती करून त्याच्या सेल्समनबरोबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बीटवर फिरा. नाही म्हणणारे कमी भेटतील; खर्च दोन चहा आणि एका वडापावचा. उधारीची वही, मुदत संपलेला खोका आणि ‘स्कीम काय?’ हे सगळं पाहून झाल्यावर, रात्री पाय दुखत असतानाही हेच करावंसं वाटलं, तर ऑप्शन फॉर्म उघडा.